डावखुऱ्याने गिटार कुठली घ्यावी: उजवी, उलटवलेली की खास डावी?

पुण्यात गिटार घ्यायला निघालेल्या डावखुऱ्याला दुकानात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "अहो, दोन्ही हात लागतातच की, उजवीच घ्या." वाक्य अगदीच खोटं नाही. फक्त ते म्हणणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर टांगलेल्या सगळ्या गिटारी उजव्या असतात, एवढं लक्षात ठेवायचं. मी स्वतः डावखुरा आहे आणि डावीच वाजवतो, तेव्हा माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकतो. तरीही काही जणांना मी उजवीच घ्या म्हणतो, आणि ते का, हे पुढे येईल.

रस्ते चार आहेत. उजवी गिटार घेऊन उजव्यांसारखीच शिकायची. मुळात डावखुऱ्यांसाठी बनवलेली गिटार घ्यायची. उजवी गिटार उलटी धरून तारा उलट्या क्रमाने लावायच्या. किंवा उजवी गिटार उलटी धरायची आणि तारांना हातही लावायचा नाही.

आधी हात ओळखा

उजव्या गिटारीत डावा हात तारा दाबतो आणि उजवा हात तारा छेडतो. मग डावखुऱ्याचा हुशार हात फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर, आला की फायदाच नाही का, असं दुकानदार म्हणतो आणि क्लासचे सरही म्हणतात. पहिले काही आठवडे हे पटतंसुद्धा, कारण सुरुवातीची सगळी रड बोटांचीच असते. टोकं दुखतात, सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ) लागत नाही, एफ तर सोडूनच द्या. पण कॉर्डचे आकार बोटं घोकून घोकून शिकतात. छेडणाऱ्या हाताचं मनगट लय धरतं, आणि लय अशी घोकता येत नाही. वर्षभर शिकलेल्या दोघांत ऐकायला कोण बरं वाटतं, हे बहुतेक वेळा स्ट्रमिंगवरच, म्हणजे सगळ्या तारा छेडण्याच्या पद्धतीवरच, ठरतं. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: तुमचा कुठला हात ताल धरतो?

लिहिता कुठल्या हाताने, यावरून हे कळेलच असं नाही. आपल्याकडे प्रसादाला डावा हात पुढे आला की आजी टोकते, जेवण उजव्या हातानेच होतं, आणि मग डाव्या हाताने लिहिणारा माणूस निम्मी कामं उजव्याने करत मोठा होतो. जगात साधारण १० टक्के लोक डावखुरे आहेत, पण सगळे सारखेच डावखुरे नाहीत.

त्यापेक्षा ढोल पथकात गेला असाल तर आठवा, टिपरू आपसूक कुठल्या हातात गेलं होतं आणि थापी कुठल्या हाताने पडत होती? कॅरमचा स्ट्रायकर कुठल्या हाताने मारता? गाणं लागलं की टेबलावर ठेका कुठला हात धरतो? लहान मुलाच्या हातात काही न बोलता झाडू द्या आणि म्हणा, गिटार वाजवून दाखव. ते जसं धरेल तसं धरू द्या.

यापुढची परीक्षा जरा नेमकी आहे. मित्राची गिटार मागून आणा. एका हाताने सगळ्या तारा हलक्या झाकून आवाज बंद करा आणि मेट्रोनोम (ठेका मोजणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून दुसऱ्या हाताने नुसतं खाली-वर, खाली-वर करा. मग गिटार उलटी धरून हेच दुसऱ्या हाताने करा. सूर, कॉर्ड काही नको. एका बाजूला मनगट सैल राहतं आणि दुसऱ्या बाजूला खांद्यापासून हात आखडतो, असं झालं तर उत्तर मिळालं. दोन्हीकडे सारखंच अवघड वाटत असेल तर तुम्ही मधले आहात, आणि मधल्यांनी बेलाशक उजवी घ्यावी.

उजवी: सोय सगळी हिच्याकडे

उजवीचे फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. कॅम्पात किंवा लक्ष्मी रोडला जाऊन चार-पाच गिटारी हातात घेऊन, वाजवून निवडता येतात. जुनी मिळते, विकताना गिऱ्हाईक मिळतं. क्लासला जाताना गिटार पाठीवर न्यायलाच हवी असं नाही, तिथली घेता येते. आणि पुण्यात कॉलेजात गिटार वाजवायची म्हणजे ती एकट्याने खोलीत वाजवायची नसते. कट्ट्यावर एकच गिटार असते आणि ती हातोहात फिरते. फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमीत कुणाची तार तुटली की शेजारच्याची उचलायची असते. अशा वेळी डावी वाजवणारा नुसता टाळ्या वाजवत बसतो, हे मी अनुभवाने सांगतो.

डायर स्ट्रेट्स बँडचा गिटारवादक मार्क नॉफ्लर डावखुरा आहे आणि उजवी वाजवतो. ब्लूज-रॉक गिटारवादक गॅरी मूरचंही तेच होतं. तेव्हा डावखुऱ्याला उजवी जमतच नाही असं कुणी म्हणत असेल तर ते सोडून द्या. पण ज्यांना ती जमली नाही आणि ज्यांनी दोन महिन्यांत गिटार माळ्यावर टाकली, त्यांची नावं कुणी घेत नाही. त्यांतल्या कितीतरी जणांना "तुला तालाचं अंग नाही" एवढं ऐकून गप्प बसावं लागलं असेल.

एक गोष्ट मात्र पक्की. दोन-तीन वर्षं उजवी वाजवत असाल आणि बरं चाललं असेल, तर आता डावीच्या भानगडीत पडू नका. उलट्या बाजूनेही हेच. ब्लॅक सॅबथ बँडचा टोनी आयोमी डावी वाजवायचा. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणजे नेमकी तारा दाबणारी बोटं. बाजू बदलायला याहून मोठं कारण काय असणार? तरी त्याने बदलली नाही. प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि डावीच वाजवत राहिला.

खास डावी: मिळाली तर उत्तम

इथे अडचण फक्त मिळण्याची आहे. तबला वाजवणारा डावखुरा डग्गा आणि दायां यांची अदलाबदल करून बसतो, काम झालं. मिरजेच्या कारागिराकडे सतार करायला टाकली तर डावी हवी हे आधी सांगता येतं, कारण ती हाताने बनते. गिटार कारखान्यातून येते, आणि जे कमी खपतं ते कारखाना कमी बनवतो. त्यामुळे रंग, आकार, किंमत यांत उजव्यांना दहा पर्याय असतील तिथे आपल्याला एखादा.

तरी मिळतात. विजेशिवाय वाजणाऱ्या अकूस्टिकमध्ये यामाहाची एफजी ८२० एल, फेंडरची सीडी ६० एस डाव्या रूपात, कॉर्टची एडी ८१० डावी. इलेक्ट्रिकमध्ये यामाहाची पॅसिफिका ११२ डावी बनते. दहा हजारांच्या आत मात्र निवड फारच तुटपुंजी आहे, आणि नवशिक्याचं बजेट नेमकं तिथेच असतं. दुकानात मागणी नोंदवून थांबावं लागतं, नाहीतर न पाहता ऑनलाइन मागवावी लागते.

न पाहता घेण्यावर एक उपाय आहे. त्याच मॉडेलची उजवी दुकानात जाऊन हातात घ्या. मान किती रुंद आहे, पोट मांडीवर कसं बसतं, हे उलटी धरूनही कळतं. आवाजासाठी बरोबरच्या मित्राला वाजवायला सांगा आणि तुम्ही समोर उभे राहून ऐका.

पार्सल आलं की आधी सॅडल बघा, म्हणजे पोटावर तारा अडकवलेल्या ब्रिजवरची ती पांढरी पट्टी. स्टीलच्या तारांच्या गिटारीत ती सरळ नसते, किंचित तिरकी असते, कारण जाड तारेला सुरात राहायला थोडी जास्त लांबी लागते. गिटार मान वर करून समोर उभी धरा. खऱ्या डावीत त्या पट्टीचं उजवं टोक मानेपासून थोडं जास्त लांब असतं. डावं टोक लांब दिसलं तर ती उजवीच आहे, नुसत्या तारा उलट्या लावून 'डावी' म्हणून पाठवलेली. मानेच्या वरच्या कडेवर ठिपके आहेत का तेही पाहा. वाजवणाऱ्याला पुढचे ठिपके दिसत नाहीत, या कडेवरच्या ठिपक्यांवरच तो चालतो.

उलटवलेली: नायलॉनला हो, स्टीलला नाही

"जिमी हेंड्रिक्स तेच करायचा ना!" हे वाक्य पुढे येतंच. करायचा. स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार, तीही उजवी, उलटी धरून तारा उलट्या लावायचा. पण स्ट्रॅटोकास्टरच्या ब्रिजवर प्रत्येक तारेचं सॅडल वेगळं असतं आणि स्क्रू फिरवून पुढे-मागे करता येतं. बाजू उलटली तरी सूर पुन्हा जुळवता येतो. अकूस्टिकचं सॅडल लाकडातल्या तिरक्या खाचेत बसलेलं असतं. गिटार उलटवली की तिरकेपणा चुकीच्या बाजूला जातो. मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर दाखवतात आणि बाराव्या फ्रेटवर गेलात की जाड तार चढलेली, बारीक तार उतरलेली. नवशिक्याला वाटतं आपलाच कान कच्चा आहे. हे नीट करायचं तर जुनी खाच बुजवून नवी पाडावी लागते, आणि स्वस्त गिटारीवर तेवढा खर्च कुणी करू नये.

नटाचा, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी तारांच्या खाचा असलेल्या पट्टीचा, त्रास तर तारा लावतानाच दिसतो. नेहमीच्या लाइट संचात पहिली तार ०.०१२ इंचाची आणि सहावी ०.०५३ इंचाची. बारीक तारेसाठी कापलेल्या खाचेत जाड तार उतरतच नाही, वर बसून राहते आणि पहिल्याच फ्रेटला दाबताना बोट कापतं. तिकडे बारीक तार रुंद खाचेत सैल पडून झणझणते. खाचेत आगकाडीचा तुकडा घालून वेळ मारून नेणारे पाहिलेत, पण नवा नट बसवणं हाच इलाज. शिवाय कटअवे (मानेजवळ पोटाला दिलेला काप) वरच्या बाजूला येतो आणि काही कामाचा राहत नाही, पिकगार्ड (ओरखड्यांपासून लाकूड वाचवणारी पट्टी) चुकीच्या बाजूला, कडेवरचे ठिपके खाली, आणि इलेक्ट्रो-अकूस्टिक असेल तर आवाजाची बटणं मांडीकडे.

हे सगळं वाचून नको वाटत असेल तर नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बघा. अंग दोन्हीकडे सारखं, कटअवे नाही, पिकगार्ड नाही, आणि सॅडल जवळजवळ सरळ. फक्त नट डावखुरा करून घ्यायचा, जाणत्या कारागिराला ते अवघड नाही. आतल्या पट्ट्यांची मांडणीही बहुधा दोन्ही बाजूंना सारखीच असते. कमी पैशांत खरोखर डावी वाजवून पाहायची असेल तर मला यापेक्षा बरा रस्ता दिसत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी लहान मापाची क्लासिकल घेऊन तिचा नट बदलावा, महागडी डावी मागवण्याची घाई करू नये.

तारांना हात न लावता उलटी

हे थोडक्यात. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग असा वाजवायचा, जाड तार जमिनीच्या बाजूला. उजवे वाजवणारे ज्या तारा वर ढकलतात त्या तो खाली ओढायचा, आणि त्या ओढण्याची खुमारी वेगळीच होती. अमेरिकन लोकसंगीतातल्या एलिझाबेथ कॉटन अंगठ्याने सूर आणि बोटांनी खर्ज वाजवायच्या. जगातली कुठलीही गिटार उचलून वाजवता येणं हा याचा मोठा फायदा. पण प्रत्येक कॉर्डची बोटं नव्याने शोधावी लागतात, आणि खाली मारलेला स्ट्रोक आधी बारीक तारांवर पडतो. ज्यांना लहानपणी घरात मोठ्या भावाची गिटार चोरून वाजवावी लागली, ते या वाटेला लागतात. ठरवून कुणी जाऊ नये.

शिकताना काय अडतं

वाटतं तेवढं अडत नाही. कोथरूडच्या एका क्लासमध्ये सरांसमोर बसलो की मला त्यांची बोटं आरशात दिसावीत तशी दिसायची. शेजारी बसलेल्या उजव्या मुलांना मनातल्या मनात सगळं फिरवून घ्यावं लागे, मला नाही. टॅब (गिटारची लिखित स्वरलिपी) तर जशीच्या तशी चालते, कारण तिथे तारेचा आणि फ्रेटचा आकडाच असतो, डावं-उजवं नसतंच. कॉर्डच्या आकृत्या मात्र उलट्या वाचाव्या लागतात. ट्यूनर, पिक, तारांचा संच, बॅग, सगळं तेच. स्प्रिंगचा कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा दाबणारा चिमटा) दुसऱ्या बाजूने लावला की झालं.

क्लास लावण्याआधी सरांना एकच विचारा: डावा विद्यार्थी चालेल का? "आधी उजवीने शिका, मग बघू" असं उत्तर आलं तर दुसरे सर शोधा. पुण्यात गिटारच्या क्लासांना तोटा नाही.

विकायची वेळ आली तर काय, हा प्रश्न घरचे विचारतील. डावी गिटार पटकन जात नाही, जाहिरात टाकून महिनोन् महिने फोन येत नाही हे खरं. पण जो फोन येतो तो शोधून दमलेल्या डावखुऱ्याचा असतो. तो फारशी घासाघीस करत नाही, पिंपरीहून दुचाकीवर त्याच संध्याकाळी येतो.