दापोलीतलं जुन्या वस्तूंचं दुकान: माल अस्सल, साल मालकाच्या मनाचं

इंग्लिश बोन चायना (पातळ, नाजूक चिनी मातीची भांडी) बघायची असेल तर दापोलीतल्या या दुकानात जरूर जा, माल खरा आहे, फक्त मालक काका सांगतील ते साल सोडून द्या. गावात एकेकाळी गोऱ्यांची छावणी होती, त्यामुळे 'साहेबाच्या बंगल्यातला कप' म्हटलं की गिऱ्हाईक लगेच गार. मागच्या कपाटातलं सगळंच म्हणे दीडशे वर्षांचं!

बशी उलटी केली की निम्मं काम होतं. लाल गुलाबांचा, सोनेरी काठाचा सेट काकांनी सगळ्यात वर मांडलाय, 'राणी व्हिक्टोरियाच्या टायमाचा' म्हणून, आणि किंमत ऐकून घाम फुटला. खाली शिक्का रॉयल अल्बर्ट कंपनीचा, डिझाइनचं नाव ओल्ड कंट्री रोझेस, बोन चायना, इंग्लंड. अहो हे डिझाइनच १९६२ चं, व्हिक्टोरिया गेली १९०१ ला! सेट सुंदर आहे, वापरायला घ्या, पण अँटिकच्या भावात नको. आणि शिक्क्यात 'बोन चायना' असे शब्द छापलेले दिसले की माल विसाव्या शतकातला धरून चाला.

दुसऱ्या एका बशीखाली हाताने लाल रंगात १८७२ लिहिलंय, ते काका साल म्हणून दाखवतात. ते साल नाही हो, तो पॅटर्न नंबर. कारखान्यात कुठली नक्षी काढायची ते कळावं म्हणून रंगवणारे लिहायचे. त्याच बशीवर 'मेड इन इंग्लंड' छापलंय, म्हणजे १८७२ चा प्रश्नच मिटला. अमेरिकेने १८९० मध्ये कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव पाहिजे, त्यामुळे १८९१ पासून शिक्क्यात नुसतं 'इंग्लंड' यायला लागलं, आणि 'मेड इन इंग्लंड' साधारण त्याच्याही नंतरचं.

आता गंमत बघा. खालच्या फळीवर धुळीत एक कपबशी पडली होती, कंपनीचं नाव नाही, सोनं पार झिजलेलं (राख-चिंचेने घासली असणार कोणीतरी), म्हणून काका ती जवळजवळ फुकट द्यायला तयार. शिक्क्यात इंग्लंड, आणि खाली आर डी नंबर, एक लाख नव्वद हजारांच्या वरचा. हे डिझाइन नोंदणीचे नंबर १८८४ ला एकपासून सुरू झाले आणि १९०० उजाडताना साडेतीन लाखांच्या आसपास होते, त्या हिशोबाने ही नोंद १८९२ ची. कप त्याच वर्षी भाजला असं नाही, पण त्याच्या आधीचा नक्की नाही. म्हणजे कपाटातला बहुतेक सगळ्यात जुना नग हाच. घेतला, अजून काय!

रॉयल डल्टन कंपनीची एक प्लेटही आहे, सिंह-मुकुटाच्या शिक्क्याशेजारी बारीक ११. त्यांचा १ म्हणजे १९२८, तर ही १९३८ ची. किंमत वाजवी होती पण काठाला चीर. नखाने टिचकी मारा, चांगला नग घंटेसारखा खणखणतो, ही बद्द वाजली. उजेडासमोर धरून मागे बोटं फिरवा, सावली दिसली पाहिजे. हाडांची राख जवळपास निम्मी असते म्हणून ही माती अशी अर्धपारदर्शक होते. सोवळ्याच्या घरी हे बोलू नका, कप अंगणात जाईल.

मालक स्वभावाने चांगले, उलटंपालटं करून बघू देतात, चहाही पाजतात, वाद घातलात तर हसतात पण किंमत कमी करत नाहीत. पॅकिंग मात्र यथातथाच, नुसता वर्तमानपत्राचा कागद. घाटातून जाणार असाल तर घरून जुना टॉवेल न्या. पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या खालच्या फळीसाठी.