ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड : मुंबईत आठ महिने

मुलुंड ते अंधेरी हा माझा रोजचा रस्ता. ज्याने संध्याकाळी सात वाजता पवईची कोंडी अनुभवली आहे, त्याला या गाडीचे वेगळे कौतुक सांगायला नको. स्ट्राँग हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली गाडी. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असताना इंजिन बंद असते, गाडी मोटरवर चालते, मीटरवर हिरवे ‘ईव्ही’ उमटते आणि एसी मात्र चालूच राहतो. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय या संस्थेचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. मला सरासरी २२ मिळाले, आणि जुन्या पेट्रोल गाडीला याच रस्त्यावर ११ गाठताना धाप लागत असे, तेव्हा माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती कराबद्दल. ‘हायब्रिडला रोड टॅक्स माफ झालाय,’ असे एका ओळखीच्या एजंटाने छातीठोकपणे सांगितले होते. कोटेशनवर मात्र १२ टक्के आले. माफी खरी होती, पण जुलै २०२४ मध्ये ती दिली उत्तर प्रदेशाने. महाराष्ट्रात करमाफी विजेवरच्या गाड्यांना आहे. हायब्रिड इथे पेट्रोलच्याच रांगेत उभी राहते.

गंमत अशी, की इंधनक्षमतेचे ‘कॅफे’ निकष केंद्राचे असून कंपनीच्या विकलेल्या गाड्यांची सरासरी काढताना त्यांत एक स्ट्राँग हायब्रिड दोन गाड्यांच्या बरोबरीने मोजली जाते. (जीएसटी लावताना हेच केंद्र विजेच्या गाडीला ५ टक्के आणि हिला ४० टक्के लावते, ते वेगळेच.) अमेरिकेत कॅलिफोर्नियाला वॉशिंग्टनच्या, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या, परवानगीने स्वतःचे उत्सर्जन निकष ठरवता येतात, म्हणून तिथे भांडण त्या परवानगीवरच होते : २०१९ मध्ये ती काढली, २०२२ मध्ये परत दिली आणि जून २०२५ मध्ये नव्या गाड्यांच्या नियमांपुरती काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, ठरावाने पुन्हा रद्द केली. आपल्या राज्यांना निकषांना हात लावता येत नाही. वाहनकर मात्र राज्यसूचीत आहे, त्यामुळे आपल्याकडचे सगळे राजकारण कर आणि टोल यांतच चालते.

रोजचा प्रवास शहरातल्या गर्दीतलाच असेल तर बारा टक्के भरूनही ही गाडी घ्यावी. गेल्या रविवारी अटल सेतूच्या टोलनाक्यावर आमच्या पुढची हिरव्या पाटीची, म्हणजे विजेवरची, गाडी टोलमाफीमुळे फुकट गेली आणि आमच्या फास्टॅगमधून २५० रुपये कापले गेले. त्या रांगेत आमचेही इंजिन बंदच होते.