गिम्नाझियुम की गेझाम्टशूल? दोन्हीकडे एकेक मूल घातलेल्या बापाचं मत

आम्ही जर्मनीत राहतो. थोरला गिम्नाझियुममध्ये (विद्यापीठाकडे नेणारी, अभ्यासू मुलांची शाळा) नववीत आहे, धाकटी गेझाम्टशूलमध्ये (सगळ्या स्तरांतली मुलं एकत्र असलेली शाळा) सातवीत. दोन्ही शाळा एकाच गावात, घरापासून सायकलने दहा मिनिटांत. त्यामुळे दर हिवाळ्यात, ग्रुंडशूलच्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या, चौथीचं सहामाही प्रगतिपुस्तक आणि त्यासोबतची शिफारस हातात पडली, की आमच्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी विचारतंच: तुम्ही दोघांना वेगवेगळ्या शाळांत का घातलंत? सवडीने उत्तर देतो.

आधी एक खुलासा. हे सगळं नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन या राज्याचं आहे. इथे शाळेची शिफारस बंधनकारक नाही, शेवटचा शब्द आईबापांचा. बायर्नमध्ये गिम्नाझियुमसाठी चौथीत २.३३ किंवा त्याहून चांगली सरासरी लागते (इथे १ सगळ्यात चांगला), बर्लिनमध्ये ग्रुंडशूल सहावीपर्यंत चालते, तेव्हा तिकडच्यांनी आपापलं राज्य बघावं. दहाव्या वर्षी पोराचा रस्ता ठरवायचा, हे आपल्याला विचित्र वाटतं खरं. पण चौथीच्या स्कॉलरशिपला आपल्याकडेही घराघरांत काय वातावरण असायचं ते आठवा. (सांगलीत माझी आई अजून शेजारणींना ‘नातू व्यायामशाळेत जातो’ असंच सांगते. समजावून झालं, उपयोग नाही.)

जे मुद्दे फोनवर सगळ्यात आधी येतात ते खरं तर आता उरलेले नाहीत. ‘गेझाम्टशूलचं आबिटूर हलकं असतं ना?’ नाही. आबिटूर म्हणजे आपल्या बारावीसारखी शाळेची शेवटची परीक्षा. २००७ पासून इथे ती राज्यस्तरीय आहे, पेपर दोन्हीकडे तोच. ‘गेझाम्टशूलमध्ये एक वर्ष जास्त मिळतं ना?’ मिळायचं. मधल्या काळात गिम्नाझियुमने बारा वर्षांत आबिटूर उरकायचा घाट घातला होता आणि २०१३ मध्ये दोन बॅचेस एकदम बाहेर पडल्या. २०१९ पासून गाडी परत तेरा वर्षांवर आली. गेझाम्टशूल तेरावरून कधी हललीच नव्हती.

खरा फरक आतल्या रचनेत आहे, आणि तो सांगायला आपला ‘तुकडी’ हा शब्द बरा पडतो. इथे तुकडी शाळेनुसार पडते. पोरगं गिम्नाझियुममध्ये गेलं म्हणजे सगळ्या विषयांत ‘अ’ तुकडी. पाचवी-सहावी चाचपणीचा काळ समजतात, त्यानंतर जमत नसेल तर रेआलशूलला (मधल्या स्तराच्या शाळेला) पाठवतात. गेझाम्टशूलमध्ये तुकडी विषयानुसार पडते. सातवीपासून गणित आणि इंग्रजीत, पुढे जर्मनमध्ये आणि एका विज्ञान विषयात साधा कोर्स आणि वरचा कोर्स असे दोन स्तर होतात. बाकी वर्ग एकच. आमची धाकटी इंग्रजीत वरच्या कोर्सात आहे, गणितात साध्या. नववीपर्यंत वर्ग कोणी रिपीट करत नाही, म्हणजे ‘नापास’ हा शब्दच घरात येत नाही.

यात एक खाच आहे. साध्या कोर्सातून वर जाता येतं, पण आपसूक कोणी उचलून नेत नाही. अकरावीत जायचं तर किमान तीन विषयांत वरचा कोर्स आणि बऱ्या ग्रेड लागतात. म्हणून आठवीत तरी शिक्षकांना स्पष्ट विचारा. इथले शिक्षक विचारल्याशिवाय बोलत नाहीत, विचारलं की मात्र सगळं बोलतात.

आता माझं गाडं जिथे अडलं ते सांगतो.

थोरल्याची शाळा दुपारी एक वीसला सुटायची. ऐकायला छान वाटतं. पोरगं घरी, गरम जेवण, दुपार मोकळी. प्रत्यक्षात ती दुपार शाळेचीच असते, फक्त शिक्षक बदलतो. शिक्षक म्हणजे तुम्ही. सहावीतला एक दिवस डोक्यातून जात नाही. मी सहाला ऑफिसातून आलो तर टेबलावर जर्मनची वही उघडी. प्लुस्क्वामपर्फेक्टचा (‘गेला होता’ छापाच्या भूतकाळाचा) स्वाध्याय, दहा वाक्यं. माझं जर्मन बेकरीत आणि परदेशी नागरिकांच्या कचेरीत चालण्याइतपत. एका वाक्यात ‘गेगांगन’ (गेलेला) होतं, त्याच्याआधी ‘हाटे’ येणार की ‘वार’, यावर आमची बापलेकाची चर्चा झाली आणि मी बापाच्या अधिकाराने ‘हाटे’ लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी वहीत लाल रेघ, चुका दुरुस्त करून पालकांची सही आणायची. पोरगा शांतपणे म्हणाला, “बाबा, ही चूक तुझी आहे. सही पण तूच कर.”

असे दिवस आठवड्यातून तीन. इंग्रजीचे शब्द पाठ घ्या, फ्रेंचचे शब्द पाठ घ्या (मला फ्रेंच येत नाही), गुरुवारी टेस्ट. पालकसभेत बाई अतिशय सौजन्याने म्हणाल्या की घरी थोडा सराव घेत चला, एवढंच. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या घरात जर्मन बोललं जातं तिथे ते खरंच ‘थोडा’ असतं. आमच्याकडे त्याचा अर्थ शिकवणी, महिन्याचे पैसे, आणि रात्रीच्या जेवणाला वरण-भाताबरोबर व्याकरण. बायको एकदा म्हणाली, “आपण मुलाला शाळेत घातलंय की स्वतःला?”

धाकटीची शाळा आठवड्यातून तीन दिवस जवळजवळ चारपर्यंत असते. गृहपाठाच्या जागी वेळापत्रकातच ‘लेर्नत्साइट’ आहे. वर्गात बसून, शिक्षक समोर असताना काम करायचं आणि आठवड्याचं नियोजन एका डायरीत लिहायचं. माझ्याकडे आठवड्याच्या शेवटी ती डायरी येते, सही करतो, संपलं. शब्द पाठ करणं घरी येतं अजून, परीक्षेआधी थोडी धावपळही होते. पण संध्याकाळी सहाला मी फक्त बाप असतो. हे मोजता येत नाही. माझ्यापुरता निकाल मात्र यावरच लागला.

अर्थात काही गिम्नाझियुमही आता पूर्ण दिवसाची आहेत. तुमच्या गावात तसं असेल तर माझा मुद्दा निम्मा गळतो.

अभ्यासाबाहेरचं म्हणाल तर दोन्हीकडे भरपूर आहे, चव निराळी. थोरल्याकडे ऑर्केस्ट्रा दणक्यात आहे. धाकटीने ऐच्छिक मुख्य विषय म्हणून फ्रेंच सोडून ‘डार्श्टेलन उंट गेश्टाल्टन’ घेतलं. म्हणजे नाटक, हालचाल, मुखवटे, आवाज. आणि त्याचा लेखी पेपर असतो, गणिताच्या तोडीचा! माझ्या पोटात गोळाच आला. दुसरी परदेशी भाषा पुढे अकरावीतही सुरू करता येते, हे कळल्यावर जरा हायसं वाटलं. तोवर तिने खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक म्हातारा केला होता, एक भुवई वर गेलेला. तो माझ्यासारखा दिसतो असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

गेझाम्टशूलच्या तक्रारीही आहेत. गोंगाट असतो. वर्गात सगळ्या स्तरांतली मुलं, त्यामुळे हुशार पोराला कधीकधी कंटाळा येतो, आणि चारला सुटल्यावर पोहणं, तबला, फुटबॉल यांतलं एकच काहीतरी उरतं. मेन्साचं, म्हणजे शाळेच्या खानावळीचं, जेवण धाकटीच्या शब्दांत ‘पिवळं’ असतं. ज्याला पुस्तकाची आवड आहे, वेग आवडतो, आणि ज्याच्या घरात जर्मन आहे, त्याने गिम्नाझियुम घ्यावं. आमचा थोरला आता तिथे सुखात आहे, त्याला हलवायचा विचारही नाही. पण मला पुन्हा पहिल्यापासून ठरवायचं असतं तर बहुधा दोघंही एकाच गेटातून आत गेली असती.

गेझाम्टशूल धरणार असाल तर मात्र जागा मिळेलच असं समजू नका. कोलोनमध्ये कित्येक वर्षं अर्ज जागांपेक्षा जास्त येतात. भावंडं आधी, शिवाय सगळ्या स्तरांतली मुलं यावीत असा हिशेब, आणि उरलेल्यांची सोडत. शिफारस गिम्नाझियुमची असली तरी अर्ज करता येतो, उलट अशीही मुलं त्यांना हवी असतात. ‘टाग देअर ऑफनन ट्यूर’ला (शाळा सगळ्यांना बघायला खुली असते त्या दिवशी) जाल तेव्हा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले रंगीत धूर बघून झाले की एखाद्या सातवीतल्या पोराला बाजूला घ्या आणि काल घरी गेल्यावर दप्तर उघडलं होतं का, ते विचारा.