आठ महिने आणि एक जन्मतारीख : इंग्लंडच्या जनगणना व चर्चच्या नोंदी वापरून आलेला अनुभव

माझ्या सासूबाई मूळच्या इंग्लंडच्या. त्यांच्या खापरपणजोबांचा जन्म नेमका केव्हा झाला, हे शोधण्यासाठी गेले आठ महिने मी तिथल्या जनगणनेच्या आणि चर्चच्या जुन्या नोंदी संगणकावर चाळत आहे. सुरुवातीला हाती होते ते त्यांचे नाव आणि नॉरफोक हा परगणा, एवढेच. फॅमिलीसर्च हे मोफत संकेतस्थळ आणि वर्गणी घेणारे आणखी एक, अशी दोन्ही मी वापरली. इंग्लंड व वेल्समध्ये जन्माची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्या माणसाचा सरकारी जन्मदाखला मुळातच नसल्यामुळे जनगणनेतील वय आणि चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

जनगणनेबद्दल माझे मत आठ महिन्यांत बरेच बदलले. १८४१च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती. त्यामुळे तिथे दिसणारे ‘२०’ म्हणजे वीस ते चोवीस यांपैकी काहीही असू शकते, हे कळेपर्यंत माझे दोन आठवडे चुकीच्या वर्षात गेले. पुढे १८५१मध्ये याच गृहस्थांचे वय ३३, १८६१मध्ये ४२ आणि १८७१मध्ये ५४ लिहिलेले सापडले. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत ते नऊ वर्षांनी वाढले आणि नंतरच्या दहा वर्षांत बारा! यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. घरोघरी वाटलेले तक्ते गोळा करून प्रगणक ते आपल्या वहीत उतरवून घेत असे आणि आज आपल्याला दिसतात त्या या उतरवलेल्या वह्या. शिवाय स्वतःचे वय अंदाजाने सांगणारी माणसे त्या काळी पुष्कळ होती. जन्मगावाचा रकाना मात्र १८५१पासून आहे आणि माझ्या कामी खऱ्या अर्थाने तोच आला, कारण त्यातूनच कोणत्या पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतील भागाची) नोंदवही उघडायची ते कळले. १८६१मध्ये गावाऐवजी जवळच्या बाजारपेठेच्या शहराचे नाव आहे, पण परक्या ठिकाणी गेलेला माणूस आपल्या खेड्याऐवजी जवळचे मोठे गाव सांगतो, हे आपल्यालाही नवीन नाही.

वर्गणीच्या संकेतस्थळाविषयी दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे मुदत संपल्यावर वर्गणी आपोआप पुन्हा कापली गेली. दुसरी अधिक गंभीर आहे : तिथल्या सूचीत आडनावाच्या पहिल्या ‘एल’ऐवजी ‘एस’ वाचला गेल्यामुळे १८६१ची नोंद आडनावाने शोधून सापडतच नव्हती, शेवटी आडनाव सोडून पत्नीचे नाव, मुलांची नावे आणि गाव यांवरून ती काढावी लागली. शिवाय इतरांनी मांडलेल्या वंशावळींत या गृहस्थांचे जन्मवर्ष एकजात १८१५ दिले होते. त्या गावच्या नोंदवहीत त्या नावाच्या मुलाचा १८१५चा बाप्तिस्मा खरोखरच आहे, वडिलांचे नावही तेच आहे. परंतु दफनाची वही कोणी उघडलेली दिसत नाही. १८१३पासूनच्या छापील दफन-नोंदींत वय लिहिलेले असते, आणि त्यात हेच बाळ १८१६ साली वारल्याची नोंद आहे. मूल दगावले की त्याचेच नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत तेव्हा सर्रास होती.

दुसऱ्या मुलाचा बाप्तिस्मा मला १८२३ सालात सापडला, तोही दोन धाकट्या बहिणींबरोबर एकाच दिवशी. बाप्तिस्मा जन्मानंतर थोड्याच दिवसांत होतो, असे धरून चाललो असतो, तर हा माणूस १८४१मध्ये अठरा वर्षांचा ठरला असता आणि जनगणनेतील एकाही वयाशी ते जुळले नसते. छापील नमुन्यात बाप्तिस्म्याचा दिवस, मुलाचे व आईवडिलांचे नाव, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि विधी करणाऱ्याचे नाव यांचे रकाने आहेत. जन्मतारखेचा रकानाच नाही. मात्र त्या धर्मगुरूंनी समासात बारीक अक्षरांत तिन्ही मुलांच्या जन्मतारखा लिहून ठेवल्या होत्या, आणि आमच्या गृहस्थांची तारीख निघाली ९ नोव्हेंबर १८१७. बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक नकलेत हा समास उतरवलेला नाही आणि सूचीतही नाही; मूळ पानाचे छायाचित्र पाहिले नसते, तर १८२३वरच गाडी अडली असती. ही तारीख धरली, तर १८४१ आणि १८५१ची वये बरोबर ठरतात, १८६१चे एका वर्षाने कमी आणि १८७१चे एका वर्षाने जास्त.

घराणे बॅप्टिस्ट पंथाचे असते, तर या खटाटोपाचा फारसा उपयोग झाला नसता, कारण त्या पंथात लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत.

वर्गणी आता मी बंद केली आहे, शोध मात्र पुरा झालेला नाही. या गृहस्थांचे वडील १८४१च्या जनगणनेत आहेत आणि ‘याच परगण्यात जन्मलेले का’ या रकान्यात त्यांच्यापुढे नकारार्थी खूण आहे. १८४९मध्ये ते वारले. म्हणजे जन्मगाव विचारणाऱ्या पहिल्या जनगणनेला ते दोन वर्षांनी चुकले, आणि त्या काळच्या मृत्यूच्या दाखल्यात जन्मस्थळ नसते.