लेकीचा रोजचा पंप : पावसाळा, दिवाळी, थंडी काढल्यानंतर

गेल्या जूनपासून लेकीला दम्यासाठी बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप चालू आहे. १०० मायक्रोग्रॅम, सकाळी एक पफ, रात्री एक. ती सहा वर्षांची, आम्ही सिंहगड रोडला राहतो. गुण आलाय, हे आधीच सांगते. पण तो कसा येतो हे माहीत नसेल तर आई-बाप पंधरा दिवसांत कंटाळतात.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, मूल हसत-खेळत असतानासुद्धा. इओसिनोफिलसारख्या पांढऱ्या पेशी तिथे ठाण मांडतात, चिकट कफ सुटतो, आणि धूळ-धूर-गारठ्याचं निमित्त झालं की नळ्या आवळतात. उबळीच्या वेळचा साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. सूज तशीच राहते. ती उतरवतं स्टेरॉइड, आणि सावकाश. आमच्याकडे रात्रीचा खोकला दोन-तीन आठवड्यांत कमी झाला. पण हवा बदलली की छाती घरघरायची, ते थांबायला गणपती होऊन गेले.

खरी परीक्षा लक्ष्मीपूजनाच्या रात्री. खिडक्या लावूनही फटाक्यांचा धूर घरात येत होता. आदल्या वर्षी याच रात्री नेब्युलायझरसाठी (औषधाचा वाफारा देणारं यंत्र) धावलो होतो. यंदा ती एकदा-दोनदा खोकली आणि कूस बदलून झोपली. मी उशाशी बसून तिच्या बरगड्या बघत होते, श्वास घेताना खळगा पडतोय का म्हणून. नाही पडला.

"एवढ्याशा पोरीला स्टेरॉइड? उंची खुंटेल गं," असं सासूबाई म्हणाल्या. त्यांची काळजी अगदीच निराधार नाही. मुलांच्या दम्यावरच्या अमेरिका-कॅनडातल्या 'कॅम्प' अभ्यासात ५ ते १२ वर्षांची १०४१ मुलं होती, निष्कर्ष २००० साली आले. चारेक वर्षं बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची उंची ते न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.१ सेंटिमीटर कमी वाढली, तीही मुख्यतः पहिल्या वर्षात; मोठेपणीही साधारण तेवढाच फरक राहिला. पण त्यांना दम्यासाठी दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी आली. माझ्या मते हा सौदा पोरीच्या फायद्याचा आहे. त्याच अभ्यासात औषध बंद केल्यावर फायदा टिकला नाही, म्हणून "आता बरी आहे ना, मग थांबवा" हे मी ऐकत नाही. तिची उंची दर तपासणीत मोजतात.

स्पेसरकडे, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या पोकळ नळीकडे, मात्र नीट लक्ष द्या. पंप हलवायचा, मास्क गालांना घट्ट बसवायचा, एकच पफ, मग पाच-सहा शांत श्वास. स्पेसर धुताना साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा. फडक्याने पुसला तर स्थिर विजेमुळे औषध प्लॅस्टिकलाच चिकटतं. पफ घेतल्यावर चूळ भरायला लावायची आणि तोंड पुसायचं, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

येता पावसाळा निघाला की डोस कमी करता येईल का ते डॉक्टर बघणार आहेत. निदान तीन महिने दमा आटोक्यात हवा, असं त्यांनी सांगितलंय. तोवर दोन्ही वेळा चालू.