जुना चेनसॉ घ्यायचाय: श्टील ०३८ की हुस्कवर्ना २७२?

जुने चेनसॉ (इंजिनावर चालणाऱ्या साखळीच्या करवती) जमवून दुरुस्त करायचा नाद लागला की पहिल्या एक-दोन छोट्या मशिनांनंतर हा प्रश्न येतोच. कार्बोरेटर उघडून परत बसवता येतो, पिस्टन पाहून इंजिनाने काय सोसलंय ते कळायला लागलेलं असतं, आणि आता काहीतरी मोठं हवं असतं. सत्तर सीसीच्या पुढचं, बाभळीच्या बुंध्यापुढे दमणार नाही असं, ऐंशी-नव्वदच्या दशकातलं. नाशिकमध्ये बसून शोध घेतला तर माझ्या अनुभवात फिरून फिरून दोनच नावं समोर येतात: श्टील ०३८ मॅग्नम आणि हुस्कवर्ना २७२ एक्सपी. दोन्ही माझ्या टेबलावर पार सुटी होऊन परत उभी राहिली आहेत. तेव्हा जे सांगतोय ते हाताने केलेलं आहे.

कागदावर या दोघांत डावं-उजवं करायला जागाच नाही. दोघांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५२ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३४, म्हणजे ७२.२ सीसी. इतकंच नाही. ०३८ च्या घरात एव्ही, सुपर आणि मॅग्नम ही मॉडेल्स. तिकडे हुस्कवर्नात ६१, २६८ आणि २७२. दोन्हीकडे स्ट्रोक तोच ३४, आणि बोअर ४८, ५०, ५२ असा चढत गेलेला. एक कारखाना जर्मनीतला, दुसरा स्वीडनचा, आणि छत्तीस गुण जुळलेल्या पत्रिकेसारखे आकडे! १९५९ या सालातही दोघं एकत्र भेटतात. त्या वर्षी श्टीलने गिअर काढून टाकून थेट चेन फिरवणारं कॉन्ट्रा आणलं, आणि १६८९ पासून आधी बंदुका, मग शिलाई मशिनं आणि मोटरसायकली बनवत आलेल्या हुस्कवर्नाने त्याच वर्षी आपला पहिला चेनसॉ काढला.

पुढे जाण्याआधी नावांचं सांगायला हवं, कारण शोधाशोधीत सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला एस आणि टी आले की उच्चार ‘श्ट’ होतो, आणि आयनंतरचा एच फक्त स्वर लांबवतो. म्हणून १९२६ साली श्टुटगार्टमध्ये ही कंपनी काढणाऱ्या आंद्रेआस यांचं आडनाव श्टील. सातपूरच्या लेथवर त्याचं केव्हाच ‘स्टाइल’ झालंय. ‘सर, तुमची स्टाइल झाली, घेऊन जा,’ असा फोन आला की घरचे सगळे हसतात. अंबड लिंक रोडच्या एका भंगारवाल्याला मी अगदी शुद्ध उच्चारात ‘श्टील आहे का?’ विचारलं, तर त्याने स्टेनलेसच्या पत्र्यांचा ढीग दाखवून किलोचा भाव सांगितला. हुस्कवर्ना तर वखारीतल्या पोरांनी कधीच ‘सुवर्णा’ करून टाकलीये. पेठकडचे एक ठेकेदारकाका तिला ‘हस्की वरना’ म्हणतात, आणि मध्ये असा थांबा घेतात की पुढे काहीतरी धमकी येणार असं वाटतं. योन्सेरेड या स्वीडिश चेनसॉच्या पहिल्या अक्षराचा ‘ज’ करून ‘जॉन्सन रेड’ झालेला मी ऐकलाय. ज्या रॉबर्ट मकलक यांनी १९६८ साली लंडन ब्रिज विकत घेतला आणि पुढे तो ॲरिझोनात नेऊन उभा केला, त्यांच्या मशिनाला आपल्याकडे ‘मॅक-कुल्लोच’ म्हणतात. यात हसण्यापलीकडे कामाचा भाग असा की विकणारा जसं बोलतो तसंच लिहितो. ऑनलाइन शोधताना बरोबर स्पेलिंग टाकून थांबू नका, चुकीची सगळी टाकून बघा. चुकीच्या स्पेलिंगखाली पडलेल्या मशिनावर फारशा कुणाची नजर गेलेली नसते, आणि भावही बहुतेक वेळा नरम असतो.

आता चालवण्याबद्दल. आरपीएम मोजायचं यंत्र मी लावलेलं नाही, हाताला कळतं तेवढंच सांगतो. २७२ तरतरीत आहे. ट्रिगर दाबला की लगेच उठतं, निलगिरी किंवा सुबाभळीसारख्या लाकडात तर वाटच बघत नाही. फांद्या काढायच्या असतील, मशीन सारखं वर-खाली करायचं असेल, तर मनगटाला तेच हलकं वाटतं. ०३८ जरा बैठ्या स्वभावाचं. उठायला क्षणभर घेतं, पण जुन्या चिंचेच्या किंवा वाळलेल्या बाभळीच्या ओंडक्यात बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) अर्धा उतरल्यावर त्याचा आवाज पडत नाही. निव्वळ कापण्याच्या आनंदावर मत द्यायचं झालं तर मी २७२ ला देईन, आणि तसं म्हणणारे माझ्या ओळखीतही बरेच आहेत.

पण आपण ही मशिनं कापण्यापेक्षा जास्त वेळ उघडत असतो. माझ्यापुरता निकाल लागला तो तिथेच, आणि तोही एका जागी: चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटपर्यंत पोचायच्या रस्त्यावर.

०३८ मध्ये क्लच आत आणि स्प्रॉकेट बाहेर. कव्हरचे नट काढले की स्प्रॉकेट समोर. एक ई-क्लिप, एक वॉशर, आणि ड्रम (क्लचवरची वाटी) हातात. सुईबेअरिंग पुसायचं, ग्रीस लावायचं, परत बसवायचं. चेन ब्रेकची पट्टी मशिनाच्या अंगातच राहते, तिला हातही लागत नाही.

२७२ मध्ये उलटं. क्लच बाहेर, स्प्रॉकेट त्याच्या मागे. त्यामुळे स्प्रॉकेट बदलायचं असो की नुसतं बेअरिंग काढून पुसायचं असो, क्लच खोलावाच लागतो. त्याचे आटे उलटे, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सैल होणारे. क्लच फिरवायचा तर क्रँक अडवायला हवा, म्हणून प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी सोडायची. तीही पिस्टनने एक्झॉस्टचं पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) झाकल्यावरच, नाहीतर दोरी पोर्टच्या कडेला चिरडते आणि तिचे धागे आत राहतात. ब्रेकची पट्टी आणि स्प्रिंग कव्हरमध्ये असतात. कव्हर बाहेर असताना ब्रेक लागला की पट्टी आवळते, आणि ब्रेक सोडवेपर्यंत कव्हर ड्रमवर बसत नाही. तेलकट भुसाही नेमका तिथेच साचतो.

न्यायाने बोलायचं तर या रचनेला कारण आहे. स्प्रॉकेट आत असलं की चेनचा ओढा क्रँकच्या बेअरिंगच्या जवळ पडतो, बेअरिंगवरचा तिरका भार कमी होतो. ज्याच्याकडे योग्य पाना आहे आणि जो मशीन नवं असल्यापासून सांभाळतोय, त्याला यात काहीच जड नाही.

आपल्या हातात मात्र मशीन नवं येत नाही. ते येतं एखाद्या वखारीच्या कोपऱ्यातून, बंद पडलेल्या ठेकेदारीच्या गोडाऊनमधून, आणि त्याआधी त्याच्यावर रस्त्याकडेच्या मिस्त्रींचे हात फिरलेले असतात. क्लच समोर दिसतो, पाना नसतो, आटे उलटे आहेत हे ठाऊक नसतं. मग छिन्नी येते. क्लचच्या षटकोनाचे कोपरे गोल झालेले, शूजवर (फिरताना ड्रमला धरणाऱ्या तुकड्यांवर) हातोड्याचे घाव, एखादी स्प्रिंग ताणलेली, आणि सगळं चुकीच्या दिशेने आणखी घट्ट केलेलं. माझ्याकडे आलेल्या २७२ च्या घरातल्या मशिनांत क्लच धड असलेलं मशीन अपवादानेच निघालं. इंजिन सुरेख, कॉम्प्रेशन उत्तम, आणि सगळा वेळ तो एक क्लच सोडवण्यात जातो. हीटगन, भेदक तेल, रात्रभर थांबणं, पुन्हा हीटगन. ०३८ च्या क्लचपर्यंत कुणाला जायची गरजच पडलेली नसते, म्हणून तो बहुतेक वेळा कारखान्यातून निघाला तसाच सापडतो. हा फरक कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, पण सुट्टीचा दिवस दुरुस्तीत जाणार की मशीन चालवण्यात, हे त्यावर ठरतं.

बाकीच्या गोष्टी दोघांना सारख्याच लागू आहेत, पण नाशिकमध्ये त्यातल्या दोन-तीन जपायलाच हव्यात.

पहिली सिलिंडरची. आपल्याकडे रीबोअर करणारे, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करणारे, कारागीर उत्तम आहेत, आणि ओरखडे पडलेला सिलिंडर पाहिला की मोटरसायकलच्या सवयीने ते बोअर मारायला निघतात. त्यांना थांबवा. या सिलिंडरना आतून पातळ, अतिशय कठीण मुलामा असतो. बोअर मारला की तो गेला आणि सिलिंडर कायमचा संपला. बरेचदा जे ओरखडे वाटतात ते पिस्टनचं वितळून चिकटलेलं ॲल्युमिनियम असतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड कापसाच्या काडीने फक्त त्या डागावर लावलं की फेस येऊन ते सुटतं. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा, आणि नंतर भरपूर पाणी. मुलामा फुटलेला असेल तिथे मात्र ॲसिड नको, ते खालचा धातूच खाऊन टाकेल.

दुसरी पेट्रोलची. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. नळी फुगते, कार्बोरेटरचा पडदा ताठ होतो, आणि आपल्या पावसाळ्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं ते वेगळंच. मशीन घरी आणलं की सुरू करून बघायच्या आधी इंधनाची नळी, फिल्टर आणि पडदे बदला. काम झालं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. क्रँकचे सील जुने असतील तर तेही बदलूनच घ्या. तिथून हवा आत ओढली गेली की हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, आणि चांगला पिस्टन ओंडक्यात असतानाच चिकटतो.

मॅग्नेशियमच्या बॉडीवर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका. इगतपुरी-त्र्यंबककडून आलेल्या मशिनांवर ती असतेच. वरवरची असेल तर घासून प्रायमर मारता येतो. बोट लावल्यावर खड्डा जाणवला तर सोडून द्या.

सुट्या भागांत मला मोठा फरक दिसलेला नाही. दोघांचेही नकली पिस्टन-सिलिंडर संच मिळतात, आणि दोघांच्याही संचांत पोर्टच्या कडा धारदार राहिलेल्या असू शकतात; त्या बारीक घासून गोल केल्याशिवाय रिंग टिकत नाही. एक लहानशी नोंद: दोघांचे बार एकमेकांना बसत नाहीत, तेव्हा घरात आधीपासून कुणाचे बार पडलेत हेही बघा.

तर माझं मत विचाराल तर, आणि हे एका माणसाचं मत आहे, पहिलं मोठं मशीन म्हणून ०३८ घ्या. मॅग्नमच हवं असा हट्ट नको, सुपर मिळालं तरी चालेल. त्यावर सगळं इंजिन निवांत शिकता येतं, कारण मशीन तुम्हाला एकाच जागी अडवून ठेवत नाही.

तुमच्या हाताखाली दिवसभर मशीन चालवणारा कुणी असेल, फांदीकाम जास्त असेल, किंवा क्लचचा योग्य पाना घरात आधीच असेल, तर २७२ बद्दल मी तुम्हाला अडवणार नाही. फक्त सौदा ठरवायच्या आधी विक्रेत्याला कव्हर उघडायला सांगा. मशिनाचं नाव तो सुवर्णा सांगो की हस्की वरना, कॉम्प्रेशन नंतर बघू. आधी टॉर्च मारून क्लचच्या षटकोनाचे सहाही कोपरे शाबूत आहेत का ते पाहा. शाबूत असतील तर पैसे द्या. गोल झालेले असतील तर नव्या क्लचची किंमत भावातून वजा करूनच बोला, आणि तो ऐकत नसेल तर ०३८ शोधायला लागा.