इजिप्तचे देव की नॉर्स देव : वाचन कुठून सुरू करावे?

प्राचीन इजिप्त आणि उत्तर युरोपातील नॉर्स लोक यांच्यापैकी कोणाच्या दैवतकथा आधी वाचाव्यात, असा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांनी आपल्याला कथा हवी आहे की उपासना समजून घ्यायची आहे, हे प्रथम ठरवावे. ‘अमुक देव अमुक गोष्टीचा’ अशी यादी दोन्हीकडे करता येते. परंतु इजिप्तच्या बाबतीत ती फार लवकर अपुरी पडते.

सेथचेच उदाहरण घ्यावे. भाऊ ओसायरिस याचा खून करणारा हा देव खलनायक वाटतो. पण सूर्यदेव रा रात्री नावेतून पाताळातून प्रवास करतो तेव्हा त्या नावेच्या टोकाशी उभा राहून अपोफिस या महासर्पाला भाल्याने रोखणाराही सेथच असतो, आणि पुढे एकोणिसाव्या राजवंशातील राजे त्याच्याच नावावरून ‘सेती’ हे नाव धारण करतात. देव एकमेकांत मिसळतातही: थीब्झ या नगरीचा देव अमुन हा सूर्यदेव रा याच्याशी एकरूप होऊन अमुन-रा होतो. मृत्यूच्या प्रदेशात मात्र कामाची वाटणी बरीच स्पष्ट आहे: अनुबिस तराजू सांभाळतो, मृताचे हृदय सत्य आणि सुव्यवस्था यांची देवता मात हिच्या पिसाशी तोलले जाते, थॉथ निकाल लिहून घेतो आणि ओसायरिस न्यायासनावर बसलेला असतो.

नॉर्स देव त्यांच्या स्वभावांमुळे लक्षात राहतात. ज्ञानासाठी एक डोळा देणारा ओडिन, फेनरिर लांडग्याला बांधता यावे म्हणून त्याच्या जबड्यात हात ठेवून तो गमावणारा टिर, हातोड्याने राक्षसकुळाशी लढणारा थॉर, देवांना संकटात टाकणारा आणि पुष्कळदा सोडवणाराही लोकी, ही माणसांसारखी घडलेली पात्रे आहेत. येथेही वाटण्या सरळ नाहीत: रणात पडलेल्या वीरांपैकी निम्मे ओडिनकडे जातात, तर निम्मे प्रेमाची देवता मानल्या जाणाऱ्या फ्रेयाकडे.

मला सर्वांत मोलाचा वाटणारा फरक सर्पाच्या कथेत आहे. अपोफिसला दर रात्री हरवावे लागते, आणि तो हरतो म्हणूनच सकाळ होते. जगाची घडी रोज नव्याने बसवणे हेच इजिप्तच्या देवांचे मुख्य कार्य आहे. नॉर्स कथांत थॉर रॅग्नारोकच्या, म्हणजे जगाच्या अंताच्या युद्धाच्या, वेळी जगाला वेढणाऱ्या सर्पाला मारतो खरा, पण त्याच्या विषाने नऊ पावलांवर स्वतःही कोसळतो. ओडिनला फेनरिर गिळतो. शेवट ठाऊक असूनही हे देव लढतात, आणि त्यामुळे त्या कथांना जे गांभीर्य येते ते इतरत्र क्वचितच आढळते.

साधनांचा विचारही निवड करताना करावा. इजिप्तमधील सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमधील मंत्र इ.स.पू. 2350 च्या सुमाराचे, म्हणजे प्रत्यक्ष उपासकांच्या काळातील आहेत. पण ते स्तोत्रे आणि मंत्र आहेत, सलग कथा नव्हे. ओसायरिसची सलग कथा आपल्याला प्लुटार्क या ग्रीक लेखकाकडून, इ.स. दुसऱ्या शतकाच्या सुमारास मिळते. नॉर्स कथा स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या लेखकाने 1220 च्या आसपास व्यवस्थित लावून सांगितल्या आहेत. मात्र तोपर्यंत आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारून सुमारे दोन शतके लोटली होती. वाचायला सोपे असलेले हे साधन श्रद्धावंताच्या हातचे नाही, हे विसरू नये.

उपासनेबद्दल नॉर्स बाजूला तुटपुंजी माहिती मिळते. इजिप्तमध्ये मात्र पुजारी रोज गाभारा उघडून मूर्तीला वस्त्रे नेसवत, सुगंधी लेप लावत आणि नैवेद्य दाखवत. देवळातील नित्यपूजा पाहिलेल्या मराठी वाचकाला हा क्रम चटकन समजेल.

म्हणून वेळ थोडा असेल आणि सलग गोष्ट वाचायची असेल, तर स्नोरीपासून आरंभ करावा. देव समाजात कसे जगत होते हे जाणून घ्यायचे असेल, तर इजिप्त निवडावे आणि त्यातही ओसायरिस, त्याची पत्नी आयसिस, मुलगा होरस व भाऊ सेथ या एकाच कुटुंबापासून सुरुवात करून मग रा आणि अमुन यांच्याकडे वळावे.